वर्तुळाकृति ठिगळकाम व त्यांतील कागद

१. विषयप्रवेश

जुन्या कागदांच्या शोधास निघालेला मनुष्य ते कोठें सांपडावयाचे याविषयीं कांहीं ठरीव कल्पना मनांत घेऊन निघतो. माळ्यावरची पेटी, कुलकर्ण्याच्या घरचें दफ्तर, मठांतील पोथ्यांचें कपाट, हीं त्याचीं नेहमींचीं स्थळें होत. आपल्याकडे कागद जपावयाचा तो कापडांत बांधून. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील गठ्ठ्यांस 'रुमाल' म्हणतात तें यामुळेंच. याच्या अगदीं उलट प्रकार, म्हणजे कागद आंत व कापड बाहेर, आणि तोही कागद जपण्याचा मुळींच हेतु नसतां, इंग्लंडांत अठराव्या शतकापासून चालत आला आहे. कापडाच्या लहान लहान तुकड्यांचा पलंगपोस करावयाचा झाल्यास प्रत्येक तुकड्याच्या आकाराचा कागद प्रथम कातरीत, त्यावर कापड दुमडून कच्च्या टांक्यांनीं धरीत, व असे तयार झालेले तुकडे कडेस कड लावून शिवीत. काम पुरें झालें म्हणजे कागद काढून घेत. पुष्कळदां ते तसेच आंत राहत. कागद घेत तो घरांत पडलेला: आलेलीं पत्रें, दुकानदारांचीं बिलें, मुलांच्या कित्त्याच्या वह्या, वर्तमानपत्रें. अशा रीतीनें कित्येक कुटुंबांची रद्दी त्यांच्या अंथरुणांत शिल्लक राहिली, आणि जीं पत्रें कोणीही जपून ठेवलीं नसतीं तीं केवळ कापडाच्या आश्रयानें टिकलीं.

या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें एका चुकीमुळें. कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईच्या जुन्या बाजारांत अशा ठिगळकामाचा एक फाटका तुकडा मला मिळाला. आकृति वर्तुळाची, पाकळी-पाकळीनें जोडलेली. पाठीस अस्तर नव्हतें. व प्रत्येक पाकळीमागें इंग्रजी अक्षर लिहिलेला कागद होता. मी कागदांचा संग्राहक. कापडाविषयीं मला आस्था नव्हती. मीं टांके कापले, कागद सोडविले, किंचित् ओलावा देऊन सपाट केले व पाकिटांत घातले. कापड टाकून दिलें. एका कागदावर तारखेचा आरंभ होता: महिन्याचें नांव, आणि सालाचे पहिले दोन आंकडे, एक व आठ. पुढील दोन आंकडे कातरीनें गेले होते. त्याच हातच्या अक्षराचे आणखी नऊ तुकडे होते व त्यांपैकीं तिघांच्या कडेस सुटे आंकडे होते. तारखेचा जोड या तिघांपैकीं कोणता, हें पाकळ्यांच्या क्रमावरून कदाचित् ठरलें असतें, अशी शंका मला फार उशिरां आली. आणि तोंवर तो क्रम सांगणारें एकमेव साधन मींच उकिरड्यावर टाकलें होतें.

क्रमावरून तारीख खरोखरच ठरली असती काय, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत राहिला. त्याचें उत्तर ग्रंथांत मिळेना. म्हणून तसाच एक वर्तुळाचा चौक स्वतः शिवून पाहिला. (पलंगपोसाच्या एका घटक-चौकोनास पुढें सर्वत्र 'चौक' म्हटलें आहे.) त्या प्रयोगाची हकीकत व त्यावरून निघणारीं अनुमानें संग्राहकांपुढें ठेवणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. पूर्वपीठिका

कापडाचे तुकडे जोडण्याची चाल कोणा एका देशाची नाहीं. विनयपिटकाच्या महावग्गांत बुद्धानें मगध देशांतील बांधबंदिस्तीचीं शेतें दाखवून भिक्षूंचें चीवर तसें तुकड्या-तुकड्यांचें करावें असें आनंदास सुचविल्याची कथा आहे. गोसाव्याची कंथा सर्वांच्या परिचयाची आहे. मध्य आशियांत तुनह्वांग येथील सहस्रबुद्ध-गुहांत ऑरेल स्टाइन यास इ. स. १९०७ मध्यें जो हस्तलिखितांचा बंदिस्त सांठा सांपडला, त्यांतच रेशमी तुकडे जोडून केलेलीं वस्त्रेंही निघालीं. पोथी व ठिगळ यांचा सहवास असा जुना आहे.

आपल्याकडील गोधडी किंवा वाकळ हा प्रकार मात्र निराळा समजला पाहिजे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरावयाचे, वर चिंध्यांचीं ठिगळें मांडावयाचीं, व सर्व थरांतून एकदमच धावदोरा घालीत कडेकडून मध्याकडे यावयाचें, ही तिची सामान्य रीत. येथें ठिगळाची कड शेजारच्या कडेशीं तंतोतंत जुळण्याची गरज नसते, कारण ठिगळाखालीं थर असतो व तोच त्यास धरतो. म्हणून गोधडींत कागद लागत नाहीं. इंग्रजी पद्धतींत ठिगळाखालीं कांहींच नसतें. तुकड्यास तुकडाच धरतो, व आकार राखण्यास कागद लागतो. 'गोधडी' या एका शब्दाखालीं हे दोन प्रकार एकत्र केल्यास पुढील विवेचन समजणार नाहीं.

इंग्लंडांतील सर्वांत जुन्या ठिगळकामांत लेव्हन्स हॉल येथील पलंगाचे साज गणले जातात. त्यांचा काळ परंपरेनें सुमारें इ. स. १७०८ मानतात. त्यांतील कापड हिंदुस्थानची छीट आहे. ज्यावर सालच घातलेलें आहे अशा जुन्या नमुन्यांत इ. स. १७१८ चा रेशमी पलंगपोस प्रसिद्ध असून तो कागदावर शिवण्याच्या पद्धतीनें केलेला आहे. त्यावर इ व एच् हीं रोमन आद्याक्षरें आहेत. शिवणारीचें साल व आद्याक्षरें मिळतात, पण पूर्ण नांव मिळत नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या कलेंतील बहुतेक वस्तूंची तीच कथा आहे.

३. हिंदुस्थानी छीट व दोन कायदे

आपल्या वाचकांस या विषयांत परकेपणा वाटण्याचें कारण नाहीं. इंग्रजी 'चिंट्झ' हा शब्द 'छीट' याचेंच रूप आहे, व 'कॅलिको' हें कालिकत बंदराचें नांव आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानी रंगीत कापडाची तेथें इतकी चलती झाली कीं, लोंकर व रेशीम विणणाऱ्यांनीं ओरड केली. इ. स. १७०० मध्यें पार्लमेंटानें कायदा करून इराण, चीन व हिंदुस्थान येथील रंगीत व छापील सुती कापड देशांत वापरण्यासाठीं आणण्यास बंदी घातली. ती १७०१ पासून अमलांत आली. एवढ्यानें भागेना, तेव्हां १७२१ मध्यें दुसरा कायदा करून असें छापील कापड अंगावर घालणें व पलंग-खुर्च्यांस वापरणें हेंही कांहीं अपवाद ठेवून मना केलें. ही बंदी १७७४ मध्यें उठली.

या कायद्यांचा कालनिर्णयास उपयोग होतो, परंतु तो जपून करावा लागतो. बंदीच्या काळांत छीट दुर्मिळ झाली म्हणून ती फाटेपर्यंत व फाटल्यावरही जपली गेली, हें संभवनीय आहे. तसें असेल तर एखाद्या पलंगपोसांतील छीट १७०० पूर्वींची असूनही त्याचें शिवणकाम पन्नास वर्षांनंतरचें असूं शकेल. कापडाचा काळ व शिवणीचा काळ हे दोन भिन्न काळ आहेत. तिसरा काळ कागदाचा. हे तिन्ही काळ एक समजून केलेले निर्णय संग्रहालयांच्या याद्यांतही आढळतात.

उलट दिशेचा संबंधही आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत चाकरीस असलेले इंग्रज शिपाई पलटणीच्या गणवेषांच्या लोंकरी तुकड्यांचीं ठिगळकामें करीत. फ्रान्सिस ब्रेली नांवाच्या शिपायाचें १८६४ ते १८७७ या हिंदुस्थानांतील चाकरीच्या काळांतलें असें एक काम लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. तेव्हां अशा वस्तु आपल्या छावण्यांच्या शहरांतील जुन्या बाजारांत निघणें अशक्य मानूं नये.

४. वर्तुळाचा चौक: प्रयोग

षट्कोनी ठिगळकाम सोपें. सर्व कडा सरळ व सर्व कागद एका आकाराचे. वर्तुळाचें तसें नाहीं. वर्तुळांत सर्वांत कठीण समजली जाणारी आकृति म्हणजे नाविकाचें दिशाचक्र. इ. स. १३७५ च्या कातालान नकाशासंग्रहांत जें बत्तीस दिशांचें चक्र दिसतें, त्याच जातीचें, लांब अणकुचीदार टोंकांचें चक्र पुढें कापडांत उतरलें. १७९७ साल घातलेल्या एका इंग्रजी पलंगपोसांत सूर्यघटिका आहे. वर्तुळाच्या यंत्रांविषयीं त्या काळच्या शिवणाऱ्या स्त्रियांस कौतुक होतें असें दिसतें. या आकृतींपैकीं सर्वांत साधी ती पाकळ्यांची तबकडी. माझ्या हातून गेलेला तुकडा याच जातीचा होता, म्हणून तीच निवडली: सोळा पाकळ्या, त्रिज्या आठ इंच.

कागदाची रीत मीं छापील वर्णनांवरून घेतली. त्यांत मेरी वेबस्टर या अमेरिकन बाईचा इ. स. १९१५ चा ग्रंथ या विषयावरील आरंभींच्या ग्रंथांपैकीं आहे. सुई धरण्यास मात्र आमच्या आत्याबाईंनीं शिकविलें. त्यांनीं आयुष्यभर गोधड्या शिवल्या, परंतु कागदावर शिवणें त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. पहिल्या दिवशीं सर्व सामान पाहून त्या म्हणाल्या, "अरे, गोधडींत वाकडा टांका खपतो, ह्यांत नाहीं खपायचा." पुढें जें झालें त्याचा सारांश या वाक्यांत आहे.

प्रथम आठ इंच त्रिज्येचें वर्तुळ कागदावर काढून तें चार वेळां दुमडलें. चार घड्यांनीं सोळा समान भाग पडावेत. पण प्रत्यक्षांत पडत नाहींत. घडीच्या आंतला थर बाहेरच्या थरापेक्षां किंचित् अरुंद निघतो, कारण बाहेरच्यास आंतल्यावरून वळावें लागतें. डोळ्यास हा फरक दिसत नाहीं. अशा पाकळ्यांवर कापड चढवून वर्तुळ जोडलें तों तें सपाट बसेना. मध्यभाग टोपीसारखा वर आला. आत्याबाईंनीं तें पालथें करून "द्रोण झाला" एवढेंच म्हटलें.

याचें गणित सोपें आहे. आठ इंच त्रिज्येचा परिघ सुमारें सव्वापन्नास इंच. प्रत्येक पाकळी परिघाकडे इंचाच्या सोळाव्या हिश्श्यानें अरुंद झाली तर सोळा पाकळ्यांत परिघ एक इंचानें कमी भरतो. त्रिज्या मात्र तेवढीच राहते. म्हणून वर्तुळाचा शंकु होतो, व त्याचा मध्य जमिनीपासून दीड इंचाहून अधिक वर येतो. दोऱ्याच्या जाडीएवढ्या चुकीचें हें फळ. चूक उलट दिशेची असेल, म्हणजे पाकळ्या रुंद असतील, तर मध्य बसतो व कडेस लाटा उठतात.

दुसऱ्या खेपेस पत्र्याची एकच पाकळी अचूक कापून घेतली व तिच्याभोंवतीं पेन्सिल फिरवून सर्व कागद आंखले. कापड कागदापेक्षां चोहोंकडून पाव इंच मोठें कातरलें. शिवणीसाठीं सोडलेल्या या भागास आपले शिंपी 'माया' म्हणतात. पाकळीचा मध्य कापडाच्या उभ्या धाग्यावर धरला. तसें केलें म्हणजे दोन्ही लांब कडा धाग्याशीं थोड्या तिरक्या येतात, आणि तिरकी, म्हणजे उरेब, कड हातांत धरतांच ताणते. कागदाचें खरें काम येथें कळतें. तो नुसता माप दाखवीत नाहीं. शिवण पुरी होईपर्यंत उरेब कडेस ताणूं देत नाहीं. यासाठींच कागद ताठ पाहिजे. मीं प्रथम वर्तमानपत्राचा कागद वापरून पाहिला. तो कडेस वळला व बोंथट झाला. जुन्या पत्रांचा जाड कागद लावतांच कड धारदार निघाली.

माया कागदावर दुमडून कच्च्या टांक्यांनीं धरली. बाहेरच्या गोल कडेस मायेंत बारीक धावदोरा घालून ती चुणीनें ओढून घेतली. मग दोन पाकळ्या तोंडाशीं तोंड ठेवून लांब कडेनें शिवल्या. टांका दुमडीचे दोन-तीन धागे उचलणारा असावा; सुई कागदाच्या कडेवरून घसरत जावी, कागदांत जाऊं नये. इंचास पंधरा-सोळा टांके पडले तर उलगडल्यावर शिवण दिसत नाहीं. आरंभीं माझी सुई कागद पकडीत असे. त्या पाकळ्यांतून कागद पुढें काढतांना फाटले.

सोळा टोंकें मध्यावर आणलीं तर दुमडींचा गड्डा होतो. म्हणून पाकळीचें आंतलें टोंक मध्यापासून दीड इंचावरच तोडलें, व राहिलेल्या छिद्रावर कागदाच्या चकतीनें गोल केलेलें ठिगळ बसविलें. शेवटीं संबंध तबकडी अठरा इंचांच्या चौकोनी कापडावर ठेवून कडेनें बारीक टांक्यांनीं बसविली. सोळा पाकळ्यांस अकरा संध्याकाळ लागल्या. हें वर्तुळ सपाट बसलें.

५. प्रयोगावरून निघणारीं अनुमानें

(अ) लगतचे कागद बहुधा एका पानाचे असतात. पाकळ्या कातरतांना मी एक पत्र घेई, त्यांतून दोन-तीन पाकळ्या निघत, त्या एकावर एक ठेवी, व शिवतांना त्या चवडीवरून क्रमानें उचली. हें मुद्दाम केलें नाहीं. हातास तसें सोयीचें पडलें. पुरें झालेलें काम पालथें करून पाहिलें तेव्हां एका पत्राच्या तीन पाकळ्या ओळीनें लागलेल्या होत्या, व त्यांपैकीं दोहोंवर एकाच ओळीचे दोन भाग होते. रंगांची योजना ठरवून पाकळ्या मांडल्यास हा क्रम मोडेल, म्हणून यास नियम म्हणतां येणार नाहीं. तथापि विस्कळित तुकडे जुळवितांना प्रथम शेजारीं पाहावें, एवढें मार्गदर्शन क्रमापासून निश्चित मिळतें. माझ्या मूळ प्रश्नाचें उत्तर हेंच: तारीख ठरली असतीच असें नाहीं, पण तीन तुकड्यांतून एक निवडण्यास आधार मिळाला असता.

(आ) कागदावरील तारीख ही शिवणीची तारीख नव्हे. ती फक्त पलीकडची मर्यादा सांगते: काम त्या तारखेनंतरचें. पत्र किती वर्षें पेटींत पडून मग कातरीखालीं गेलें हें पत्र सांगत नाहीं. मीं स्वतः वापरलेलीं पत्रें तीस वर्षांपूर्वींचीं होतीं. अनेक कागदांवर तारखा असल्यास त्यांतील सर्वांत अलीकडची घ्यावी, आणि ती देखील 'त्यानंतर केव्हांतरी' अशा अर्थानें. कापडाची छपाई, कागद व शिवण यांचे काळ स्वतंत्र ठरवून मगच जुळवून पाहावे.

(इ) कागद दुसऱ्यांदा वापरलेला असूं शकतो. चोहोंकडून शेजारी जोडले गेले म्हणजे मधल्या तुकड्याचा कागद मोकळा करतां येतो व तो पुन्हां नव्या तुकड्यास चालतो. अशा कागदावर कच्च्या टांक्यांच्या छिद्रांच्या दोन ओळी दिसतात. छिद्रांची एकच ओळ असेल तर कागद प्रथमच वापरलेला समजावा. सपाट करून पाकिटांत घातलेल्या कागदाचीं छिद्रें ओलाव्यानें मिटतात. हाही पुरावा मीं घालविला.

(ई) कागद आंत राहिला आहे याचा अर्थ बहुधा काम अपुरें राहिलें असा होतो. पुऱ्या झालेल्या कामांतून कागद काढीत, कारण ते धुण्यास व पांघरण्यास अडचण करतात. ऊब यावी म्हणून किंवा आळसानें ते ठेवलेही असतील. परंतु अस्तर न लागलेला, कागद आंत असलेला तुकडा हातीं आला तर तो कोणाच्या तरी हातून खालीं ठेवला गेला व पुन्हां उचलला गेला नाहीं, असें प्रथम समजावें.

(उ) ठिगळांतील कागद म्हणजे त्या घरच्या दफ्तराचा यथार्थ नमुना नव्हे. ताठ कागद वेंचून घेतलेला असतो; पातळ गळून गेलेला असतो. त्यावरून त्या घरीं पत्रव्यवहार मोठा होता, किंवा हिशेब नव्हते, अशीं अनुमानें काढूं नयेत.

(ऊ) पाठीस अस्तर नसेल तर कागदाची मागची बाजू टांका न कापतां वाचतां येते. फक्त कडेचा पाव इंच मायेखालीं झांकलेला राहतो. पुढची बाजू कापडास लागून असते. कापड पातळ व फिकें असेल तर मागून उजेड देऊन तिच्यावरील अक्षराचा माग लागतो.

६. अन्यत्रचे दोन दाखले

निरुपयोगी म्हणून कातरलेला कागद दुसऱ्या वस्तूच्या पोटांत टिकल्याचीं उदाहरणें इतरत्रही आहेत, व त्यांपासून धडा घेण्यासारखा आहे. इजिप्तमध्यें प्रेतांवरील आवरणें टाकाऊ पपायरसचे तुकडे चिकटवून करीत. फ्लिंडर्स पेट्री यानें १८८९-९० च्या सुमारास गुरोब येथें अशीं आवरणें मिळविलीं. त्यांतून इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांतील सरकारी व खाजगी कागदांबरोबर प्लेटोच्या एका संवादाचे व युरिपिडीसच्या एका लुप्त नाटकाचे तुकडे निघाले. लाभ अपूर्व खरा. पण कागद सोडवावयाचा म्हणजे आवरण मोडावयाचें, आणि पुढें नुसत्या कागदांच्या लोभानें अनेक आवरणें मोडलीं गेलीं.

दुसरें उदाहरण तुर्फान प्रांतांतील आस्ताना येथील थडग्यांचें. तेथें प्रेतांस घालावयाचे जोडे, टोप्या व पट्टे जुन्या सरकारी कागदांचे कातरीत. १९५९ ते १९७५ या काळांतील उत्खननांत ते निघाले, व चिनी विद्वानांनीं जोड्याच्या तळव्याएवढ्या तुकड्यांवरून मूळ दस्तऐवज जुळवून १९८१ पासून छापले. हें शक्य झालें तें कोणता तुकडा कोणत्या थडग्यांतील व कोणत्या वस्तूचा हें टिपून ठेवल्यामुळें. एकाच जोड्याच्या तुकड्यांचा शोध एकाच दस्तऐवजांत प्रथम घ्यावा, ही त्यांची दृष्टि आणि वर (अ) मध्यें सांगितलेली गोष्ट मुळांत एकच आहे. आपल्याकडेही पोथ्यांचे जुने पुठ्ठे कित्येकदां रद्दी कागद एकावर एक चिकटवून केलेले असतात. तेथेंही हाच विचार लागू आहे.

७. नांवें व आख्यायिका

पाकळ्यांच्या तबकडीस अमेरिकेंत 'ड्रेस्डेन प्लेट' म्हणतात. ड्रेस्डेनजवळील मायसेन येथील चिनी मातीच्या तबकड्यांवरून हें नांव आलें. तें ऐकून आकृति जर्मनीची व अठराव्या शतकांतील समजण्याचा मोह होतो. वस्तुतः हें नांव १९२० नंतरच्या दोन दशकांत, वर्तमानपत्रें नमुने छापूं लागलीं तेव्हां, रूढ झालें. आकृति आधीं व नांव मागून, हा या विषयांतील सामान्य अनुभव आहे. म्हणून नांवावरून काळ काढूं नये.

याहून मोठा मोह आख्यायिकांचा. अमेरिकेंतील पळून जाणाऱ्या गुलामांस वाट दाखविण्यासाठीं कुंपणावर विशिष्ट आकृतींच्या गोधड्या वाळत घालीत, असें प्रतिपादन करणारा ग्रंथ इ. स. १९९९ मध्यें निघाला व लोकप्रिय झाला. त्याचा आधार एका कुटुंबांतील तोंडी परंपरा हा होता. गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांनीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत किंवा १९३० नंतर घेतलेल्या त्यांच्या जबान्यांत या खुणांचा उल्लेख नाहीं, आणि सांगितलेल्या आकृतींपैकीं कांहीं त्या काळच्या नव्हेत, असें तज्ज्ञांनीं दाखविलें आहे. बखरींतील हकीकत अस्सल कागदाशीं ताडून घेतल्याशिवाय स्वीकारूं नये, हें आपणांस राजवाड्यांनीं इ. स. १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून शिकविलें गेलें आहे. कापडाच्या बखरीसही तोच न्याय. येथें तर अस्सल कागद कित्येकदां त्या वस्तूच्याच पोटांत असतो.

८. संग्राहकांस विनंति

यावरून ज्या सूचना निघतात त्या थोडक्यांत अशा. असें ठिगळकाम हातीं आल्यास प्रथम त्याच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. पालथ्या बाजूची आकृति कागदावर काढून प्रत्येक तुकड्यास क्रमांक द्यावा; वर्तुळ असल्यास एक पाकळी पहिली धरून उजवीकडून क्रम लावावा. दिसेल तेवढा मजकूर त्या क्रमांकाखालीं उतरून घ्यावा. छिद्रांच्या ओळी मोजाव्या. वस्तु धुऊं नये, इस्त्री करूं नये, ओलावा देऊं नये. टांका कापूं नये. कागद आधींच सुटलेला असेल तर त्याच्या जागेचा क्रमांक पाकिटावर लिहावा, कागदावर नव्हे. आणि कापडाचा लहानसा तुकडाही टाकूं नये, मग तो कितीही जीर्ण असो.

या वस्तु शिवणाऱ्या बहुतेक स्त्रियांचीं नांवें आपणांस कळणार नाहींत. कोणतीं पत्रें कातरावयाचीं व कोणतीं ठेवावयाचीं हें ज्या हातांनीं ठरविलें, त्यांचा निर्णय मात्र तुकड्यांच्या क्रमांत राहिलेला असतो. तो क्रम मोडणें म्हणजे रुमाल सोडून त्यांतील पत्रें वाऱ्यावर टाकण्यासारखें आहे.

माझ्याजवळील तुकडे आतां एका वहींत, 'मूळ क्रम अज्ञात. संग्राहकानें मोडला' या नोंदीसह ठेवले आहेत. प्रयोगाचीं दोन्ही वर्तुळें, सपाट बसलेलें व द्रोण झालेलें, कागदांसह शेजारीं ठेवलीं आहेत. कोणास पाहावयाचीं असल्यास दाखविण्यांत आनंद वाटेल. कोणा वाचकाच्या संग्रहीं किंवा पाहण्यांत असें कागद आंत असलेलें ठिगळकाम असेल, विशेषतः जुन्या छावण्यांच्या गांवांतून आलेलें, तर त्यांनीं तें न उसवतां त्याचें वर्णन प्रसिद्ध करावें, ही विनंति आहे.